नव्या संगणकाच्या पोटातला जुना संगणक

हिशेबाचा, आराखड्यांचा किंवा प्रयोगशाळेतल्या नोंदींचा एखादा जुना प्रोग्रॅम असतो. तो विंडोज ९८ च्या काळात लिहिलेला असतो, लिहिणारे कधीच पांगलेले असतात आणि त्याच्या फाइली दुसऱ्या कशातही उघडत नाहीत. जोवर तो जुना संगणक सुरू होतो तोवर कोणालाच त्याची काळजी नसते. एके दिवशी त्याची हार्ड डिस्क कुरकुर करून कायमची बसते आणि मग धावाधाव सुरू होते. प्रोग्रॅम नव्या संगणकावर थेट टाकून पाहावा, तर ६४-बिट विंडोज त्याला दारातच अडवते. त्या काळचे पुष्कळ प्रोग्रॅम १६-बिट असत, आणि प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी तो बसवणारा इन्स्टॉलर बहुधा १६-बिटच असे. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही.

मग दुसरा विचार सुचतो तो जुनी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्या संगणकावर बसवण्याचा. तोही सहसा फसतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली. आजच्या संगणकांत डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली असते ती पद्धत तिच्या सीडीतल्या ड्रायव्हरांना, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांना, ठाऊकच नाही. त्यामुळे बसवण्याचे काम सुरू होते न होते तोच निळा पडदा येतो, किंवा ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असे सांगून सीडी हात वर करते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आपल्या काळच्या यंत्राशी बोलायला शिकलेला प्रोग्रॅम. तिला आजची भाषा शिकवणे आपल्या हातात नाही. म्हणून आपण उलट बाजूने जातो आणि तिच्यासमोर तिच्या काळचे यंत्र उभे करतो. ते यंत्र खरे नसते, सॉफ्टवेअरने रचलेले असते, आणि त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

ज्या संगणकावर हे सारे घडते तो यजमान, आणि आत चालणारी जुनी सिस्टिम हा पाहुणा. यजमानावर व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा क्यूईएमयू यांसारखा प्रोग्रॅम चालतो आणि तो पाहुण्याला सांगतो की हा तुझा प्रोसेसर, ही तुझी मेमरी, ही डिस्क, हा पडदा. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते, आणि त्याचा पडदा म्हणजे यजमानाच्या पडद्यावरची एक खिडकी असते.

सोंग कशाचे आणि खरे काय

हे नेमके कसे साधते, ते एका छोट्या घटनेवरून पाहू. विंडोज ९८ ला डिस्कवरचा एक सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटांचा एक तुकडा, वाचायचा आहे. खऱ्या संगणकात ती कोणता सेक्टर हवा त्याचा क्रमांक काही ठरावीक पोर्टांवर (उपकरणाशी बोलण्याच्या क्रमांकित दारांवर) लिहिते आणि शेवटी १एफ७ या पोर्टवर २० हा आकडा लिहिते. (दोन्ही आकडे षोडशमान पद्धतीतले आहेत.) २० याचा अर्थ ‘सेक्टर वाच’ असा आहे. व्हर्च्युअल मशीनमध्येही ती अगदी हेच करते, पण त्या पोर्टला हात लागताच प्रोसेसर पाहुण्याला जागच्या जागी थांबवतो आणि ताबा यजमानाकडच्या प्रोग्रॅमला देतो. तो पाहतो की पाहुण्याला अमुक सेक्टर हवा आहे. मग तो त्या मोठ्या फाइलमधले योग्य ५१२ बाइट काढतो, जणू डिस्कनेच दिले अशा थाटात पाहुण्यापुढे ठेवतो आणि पाहुण्याला पुन्हा चालू करतो. मध्ये आपण थांबलो होतो याचा पाहुण्याला पत्ताही नसतो.

डिस्कप्रमाणेच नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड आणि मदरबोर्डवरच्या चिप यांचीही सोंगे आणलेली असतात, आणि ती मुद्दाम जुनी आणि सर्वांच्या ओळखीची निवडलेली असतात. क्यूईएमयू नेहमीच्या निवडीत ज्या चिपसेटचे सोंग आणते, तो इंटेलचा ४४०एफएक्स हा १९९६ सालचा आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एएमडीच्या पीसीनेट घराण्यातले नेटवर्क कार्ड आणि साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड निवडता येते. ही उपकरणे एके काळी इतकी पसरली होती की त्यांचे ड्रायव्हर जुन्या सिस्टिमांच्या सीडीतच सापडतात.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये पैशाच्या जागी प्रोसेसर असतो. पाहुण्याच्या बहुतेक सूचना यजमानाचा खराखुरा प्रोसेसर थेट, आपल्या पूर्ण वेगाने पाळतो. मध्यस्थ, म्हणजे यजमानाकडचा तो प्रोग्रॅम, फक्त उपकरणांना हात लागला की किंवा असेच काही नाजूक काम निघाले की पुढे येतो. म्हणून तर व्हर्च्युअल मशीन इतके वेगाने चालते. जुन्या सिस्टिमांच्या निम्म्या तक्रारींचे मूळही इथेच आहे, कारण पाहुण्याला १९९६ सालचा मदरबोर्ड दिसतो आणि त्यावर आजचा प्रोसेसर बसवलेला असतो. असा संगणक त्या काळी कोणी पाहिला नव्हता.

ही युक्ती जुनीच आहे. आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती वापरली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. एखादा प्रोसेसर असे यंत्र चालवण्यास योग्य आहे की नाही याची कसोटी पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. पाहुण्याने नाजूक सूचना दिली की प्रोसेसरने तिथे थांबून मध्यस्थाला खबर दिलीच पाहिजे, असा तिचा गाभा आहे. घरोघरच्या पीसीतला इंटेलचा प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हता. त्याच्यातली ‘पॉपएफ’ ही सूचना पाहा. ती अधिकार असलेल्या प्रोग्रॅमने दिली तर व्यत्ययांचा स्वीकार चालू किंवा बंद करते. अधिकार नसलेल्याने दिली तर प्रोसेसर नकार देत नाही, ओरडत नाही, फक्त तेवढा भाग गुपचूप गाळतो. पाहुण्याला वाटते की काम झाले, आणि मध्यस्थाला तर काही मागितले गेले हेच कळत नाही. अशा सतरा सूचना पेंटियममध्ये मोजल्या गेल्या. व्हीएमवेअरने १९९९ साली यावर तोड काढली ती पाहुण्याच्या सूचना आधी वाचून, अडचणीच्या तेवढ्या चालता चालता बदलून टाकण्याची. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच यासाठी वेगळी सोय केली, आणि आजचे प्रोग्रॅम तिच्यावरच उभे आहेत.

ही सोय अनेक संगणकांत कारखान्यातून बंद असते. ती संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. इंटेलच्या बाबतीत तिचे नाव व्हीटी-एक्स असते आणि एएमडीच्या बाबतीत एसव्हीएम. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून तिच्याशिवाय चालतच नाही. यजमान विंडोज असेल आणि तिने ही सोय हायपर-व्ही या आपल्याच व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेसाठी आधीच अडवून ठेवली असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी एक हिरवे कासव दिसते. ते शोभेचे नाही. तुमचा पाहुणा आता रांगणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कमी द्यावे ते का

नवे यंत्र तयार करताना किती मेमरी, किती प्रोसेसर, किती मोठी डिस्क असे प्रश्न विचारले जातात, आणि यजमानाकडे मुबलक असल्याने आपला हात सढळ सुटतो. जुन्या सिस्टिमच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी चूक आहे. पाहुणचार करताना हात आखडावा असे सांगणे विचित्र वाटेल, पण या पाहुण्याला अजीर्ण होते.

विंडोज ९८ ला २ जीबी मेमरी दिली तर ती सुरू होता होता ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करू शकते. ही थट्टा नव्हे. डिस्कवरचा मजकूर हाताशी ठेवण्यासाठी ती मेमरीचा एक भाग राखून ठेवते, आणि तो भाग एकूण मेमरीच्या प्रमाणात वाढतो. मात्र या राखीव भागासाठी लागणारे पत्ते एका ठरावीक, मर्यादित पट्ट्यातूनच घ्यावे लागतात. मेमरी ५१२ एमबीच्या पुढे गेली की राखीव भागच तो पट्टा खाऊन टाकतो आणि इतर कामांना पत्ते उरत नाहीत. म्हणजे मेमरी भरपूर असते, पण तिच्यापर्यंत पोचण्याचे पत्ते संपलेले असतात. सिस्टिमच्या एका फाइलमध्ये या राखीव भागावर कमाल मर्यादा घालता येते, आणि खऱ्या संगणकावर तोच उपाय असे. व्हर्च्युअल मशीनमध्ये २५६ एमबी देऊन मोकळे व्हावे. विंडोज एक्सपीला १ जीबी पुरेशी होते.

डिस्कचेही तेच आहे. विंडोज ९५ ची पहिली आवृत्ती २ जीबीपेक्षा मोठा विभाग हाताळू शकत नाही. विंडोज ९८ मधला डिस्कचे विभाग पाडणारा प्रोग्रॅम ६४ जीबीच्या पुढची डिस्क चुकीच्या आकाराची दाखवतो, आणि पहिल्या सर्व्हिस पॅकआधीची एक्सपी १३७ जीबीच्या पलीकडे पोचत नाही. विंडोज ९८ साठी ८ जीबी आणि एक्सपीसाठी २० जीबी ही डिस्क पुष्कळ झाली. ‘लागेल तशी वाढणारी’ फाइल निवडल्यास यजमानाच्या डिस्कवर तेवढीही जागा लगेच अडत नाही. प्रोसेसर एकच द्यावा. विंडोज ९५ आणि ९८ यांना दुसरा वापरताच येत नाही, आणि एक्सपी तर बसवताना समोर जसे यंत्र दिसेल त्यानुसार आपला गाभा निवडते; म्हणून एसीपीआय (वीज आणि उपकरणांच्या व्यवस्थेची पद्धत) आणि त्यासारखी सेटिंग एकदा सिस्टिम बसवल्यावर पुन्हा हलवू नयेत. डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने जोडावी. यंत्राची सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम आजचा यूईएफआय न निवडता जुना बायोस निवडावा.

मेमरी, डिस्क आणि उपकरणे अशी आखडून देता येतात. वेग मात्र आखडता येत नाही, आणि खरी मौज तिथे आहे.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक डॉस प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ असे म्हणून बंद पडतात. या चुकीचा छापील अर्थ ‘शून्याने भागाकार’ असा आहे, पण शून्याचा इथे संबंध नाही. ‘थोडा वेळ थांब’ ही सूचना नीट पाळता यावी म्हणून प्रोग्रॅम सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजतो. घड्याळाचा एक ठोका पडेपर्यंत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, आपण किती फेऱ्या मारल्या ते तो मोजतो आणि त्या आकड्याला ५५ ने भागून एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या काढतो. उत्तर ठेवण्याचा खण १६ बिटांचा आहे, म्हणजे त्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्या ठोक्यात सुमारे ३६ लाखांपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या की उत्तर मावत नाही. आणि ‘उत्तर मावत नाही’ या तक्रारीसाठी प्रोसेसर तोच इशारा देतो, जो शून्याने भागल्यावर देतो. लिहिणाऱ्यांना ३६ लाख हा आकडा अशक्यप्राय वाटला असणार. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरांनी तो सहज ओलांडला.

विंडोज ९५ मध्ये याच जातीची चूक दोनदा निघाली. आधी एएमडीच्या के६-२ या ३५० मेगाहर्ट्झ व त्यापुढच्या प्रोसेसरांवर ती सुरू होताना कोसळू लागली, आणि पुढे २.१ गिगाहर्ट्झपेक्षा वेगवान प्रोसेसरांवर तिच्या नेटवर्कच्या भागात तोच प्रकार घडला. दोन्ही ठिकाणी वेग मोजण्याची फेरी अपेक्षेपेक्षा लवकर संपत होती. यावर दुरुस्त केलेल्या फाइली मिळतात, आणि त्या टाकल्याखेरीज आजच्या कोणत्याही यजमानावर विंडोज ९५ चालवण्याचा हट्ट धरू नये.

अगदी अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. मेमरीचे पत्ते बदलले की प्रोसेसरने जवळ बाळगलेली जुनी यादी पुसायला सांगावे लागते. विंडोज ९५ पासून विंडोज एमईपर्यंतच्या सिस्टिमांकडून हे सांगणे काही ठिकाणी राहून गेले होते. जुने प्रोसेसर हा हलगर्जीपणा चालवून घेत. एएमडीच्या झेन २ पासूनचे आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर तो चालवून घेत नाहीत, आणि व्हर्च्युअल मशीनमधली विंडोज ९८ कारण न सांगता कोलमडते. चूक वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच होती. ती उघडी पडायला नवा प्रोसेसर यावा लागला. पॅचर९एक्स नावाचे एक छोटे मोफत साधन ती दुरुस्त करते. तोवर माणूस सेटिंगे बदलत बसतो आणि सीडीलाच दोष देतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रोसेसरच्या वापरावर टक्केवारीची मर्यादा घालण्याची सोय आहे, आणि वेगाच्या दुखण्यावर हेच औषध असे अनेकांना वाटते. तसे ते नाही. दहा टक्के ठेवल्याने प्रोसेसर दहापट सावकाश होत नाही. तो थोडा वेळ पूर्ण वेगाने धावतो आणि उरलेला वेळ थांबून राहतो. वेग मोजणारी फेरी त्या धावण्याच्या तुकड्यात सापडली की निकाल तोच.

प्रोसेसरचेही सोंग आणायचे झाले तर वेगळा मार्ग धरावा लागतो, आणि त्याला एम्युलेशन म्हणतात. इथे पाहुण्याची कोणतीही सूचना खऱ्या प्रोसेसरकडे जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक सूचना सॉफ्टवेअर वाचते आणि तिचा परिणाम घडवून आणते. यात वेळ पुष्कळ जातो, पण मोबदल्यात वेगावर पूर्ण ताबा मिळतो. डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी डॉसबॉक्स आहे, ज्यात दर मिलिसेकंदाला किती सूचना पाळायच्या हे आकड्याने ठरवता येते. संपूर्ण जुना संगणक हवा असेल तर ८६बॉक्स आहे. त्यात ठरावीक मदरबोर्ड, ठरावीक प्रोसेसर आणि ३डीएफएक्सचे व्हूडू हे खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्डसुद्धा निवडता येते. त्याला यजमान मात्र दणकट लागतो. ॲपलने २०२० पासून आणलेल्या एआरएम जातीच्या मॅकवर तर दुसरा इलाजच नाही, कारण तिथला खरा प्रोसेसर इंटेलची भाषाच बोलत नाही. यूटीएमसारखा प्रोग्रॅम तिथे क्यूईएमयूच्या मदतीने ती भाषा सूचनेगणिक समजून घेतो.

माझे मत असे की डॉस आणि विंडोज ३.१ साठी डॉसबॉक्स, विंडोज ९५ व ९८ यांच्या खेळांसाठी ८६बॉक्स, आणि विंडोज २००० पासून पुढे व्हर्च्युअल मशीन अशी वाटणी ठेवावी. विंडोज ९८ मधला साधा कार्यालयीन प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, पण त्यासाठी थोडी चिकाटी लागते. केवळ डॉसच हवा असेल तर १९९४ पासून चालत आलेली आणि मोफत मिळणारी फ्रीडॉस बसवावी, म्हणजे परवान्याचा प्रश्नच उरत नाही. एक्सपीच्या बाबतीत तो उरतो: संगणकाबरोबर आलेली प्रत बहुधा त्या संगणकापुरतीच असते, आणि बसवल्यानंतर सक्रियीकरणही करावे लागते.

पहिल्या तासातले गैरसमज

सिस्टिम बसली की पडदा बहुधा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि १६ रंगांचा असतो. काही मोडले असे समजू नये. पडद्याच्या कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही एवढेच त्यातून कळते. एक्सपीत व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (पाहुण्याच्या आत टाकायचे पूरक ड्रायव्हर) बसवल्यावर पडदा मोठा होतो, माउस खिडकीतून सहज आतबाहेर जातो आणि यजमानाचे फोल्डर आत दिसू लागतात. विंडोज ९५ आणि ९८ साठी व्हर्च्युअलबॉक्सने असे ॲडिशन्स काढलेच नाहीत. तिथे कोणत्याही कार्डावर चालणारा व्हेसा ड्रायव्हर शोधून टाकावा, किंवा क्यूईएमयूमध्ये सिरस लॉजिक कार्ड निवडावे, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतच आहे. ॲडिशन्स नसले की माउस खिडकीत अडकतो. तो सोडवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवीकडची कंट्रोल कळ दाबायची असते. हे ठाऊक नसल्याने यजमान संगणकच बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट पंख्याची. आत डॉस किंवा विंडोज ९५ नुसती बसून असते, तरी यजमानाचा पंखा गरगरू लागतो. हातात काम नसेल तेव्हा प्रोसेसरला विश्रांती घ्यायला सांगण्याची एक सूचना आहे. या सिस्टिम ती देतच नाहीत, कळ दाबली का, कळ दाबली का, असे अखंड विचारत राहतात. त्या काळी त्याने कोणाचे बिघडत नव्हते. डॉसआयडल किंवा विंडोज ९५ साठीचे रेन यांसारखे छोटे प्रोग्रॅम तेवढी सूचना देण्याचे काम करतात.

फाइली आत नेणे आणि बाहेर आणणे हा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि लोक नेमके इथेच सोडून देतात. ॲडिशन्स असतील तर सामायिक फोल्डर वापरावे. नसतील तर नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याचा विचार मनात येतो, पण जुन्या सिस्टिमांना त्यासाठी एसएमबी या फाइली वाटण्याच्या पद्धतीची पहिली, असुरक्षित आवृत्ती लागते, आणि विंडोज १० ने ती २०१७ पासून नव्याने बसवताना बंदच ठेवली आहे. ती पुन्हा चालू करू नये. त्याऐवजी हव्या त्या फाइलींची सीडी-इमेज तयार करावी आणि ती पाहुण्याच्या सीडी ड्राइव्हला जोडावी. सीडी वाचणे सर्वांनाच येते. फ्लॉपीची इमेजही चालते, पण तिचा आकार नेमका १४,७४,५६० बाइट असावा लागतो, म्हणजे ८० ट्रॅक, २ बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट. बाहेर आणण्यासाठी पाहुणा नीट बंद करून त्याच्या डिस्कची फाइल ७-झिपने उघडावी; विंडोज ९८ ची डिस्क त्यात साध्या फोल्डरासारखी दिसते.

इंटरनेट देऊ नये. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी अपवाद म्हणून एक दुरुस्ती दिली, पण अपवादांच्या भरवशावर यंत्र जोडून ठेवता येत नाही. शिवाय एक्सपीबरोबरच्या ब्राउझरला आजचे सुरक्षित जोडणीचे नियम पाळता येत नसल्याने बहुतेक संकेतस्थळे तशीही उघडत नाहीत, म्हणजे केबल काढून आपण फारसे काही गमावत नाही. व्हर्च्युअल मशीनच्या भिंती चांगल्या जाड असतात, पण सामायिक फोल्डर ही आपणच ठेवलेली खिडकी आहे. आतल्या व्हायरसला तीही दिसते, म्हणून ते फोल्डर ‘फक्त वाचण्यासाठी’ द्यावे.

स्नॅपशॉटचे कौतुक सर्वांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. यंत्राची या क्षणाची स्थिती गोठवून ठेवायची, हवे ते प्रयोग करायचे, बिघडले तर मागे जायचे. आत घडते ते असे की जुनी डिस्क-फाइल तशीच राहते आणि यापुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. मागे जाणे म्हणजे ती वेगळी फाइल टाकून देणे. एकदा मी एका ड्रायव्हरच्या प्रयोगानंतर असाच मागे गेलो आणि त्याच दिवशी आत बसून टाइप केलेल्या नोंदीही त्या फाइलीबरोबर गेल्या. तेव्हापासून काम एका वेगळ्या छोट्या डिस्कवर ठेवतो, आणि त्या डिस्कला स्नॅपशॉट लागू होणार नाही अशी तजवीज करतो. स्नॅपशॉट ही बॅकअपची जागाही घेत नाही, कारण मूळ डिस्क-फाइल खराब झाली की तिच्यावर उभे असलेले सगळे स्नॅपशॉट एकदमच निकामी होतात.

काही गोष्टी मात्र या मार्गाने साधत नाहीत. एखादे मोजमापाचे यंत्र मदरबोर्डवरच्या जुन्या आयएसए पद्धतीच्या खाचेतल्या कार्डाला जोडलेले असेल, तर ते कार्ड बसवायला आजच्या संगणकात खाचच नसते. प्रोग्रॅमच्या संरक्षणासाठी प्रिंटरच्या पोर्टला लावायची किल्ली असेल, तर ती आतून दिसेलच असे नाही. यूएसबीची किल्ली असेल तर बहुधा दिसते. अशा ठिकाणी जुना संगणक जपणे हाच उपाय राहतो, आणि तो जिवंत आहे तोवरच त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवावी. एक्सपीची अशी प्रतिमा व्हर्च्युअल मशीनला जोडली तर पहिल्या खेपेला बहुधा निळा पडदाच येतो, कारण ती जुन्या मदरबोर्डाच्या ड्रायव्हरांवर बसलेली असते. ते ड्रायव्हर बदलता येतात. काढलीच नाही ती प्रतिमा मात्र नंतर मिळत नाही.

डिस्क-फाइलची प्रत काढण्यापूर्वी पाहुणा आतून बंद करावा. एक्सपी आपणहून खिडकी मिटते. विंडोज ९५ तसे करेलच असे नाही: पडदा काळा होतो, त्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचे वाक्य येते आणि ती वाट पाहत राहते. तिच्या समजुतीप्रमाणे समोर एक पेटी आहे आणि तिच्यावर बटण आहे. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ‘वीज बंद करा’ हा पर्याय निवडावा.